एक कपाट, एकच बाटली

समजा, शाळेच्या प्रयोगशाळेत एकच कपाट आहे आणि 'हायड्रोक्लोरिक आम्ल' अशी चिठ्ठी लावलेली एकच बाटली त्यात मावते. आठवीसाठी सकाळी आपण विरल आम्ल भरून ठेवलं. दुपारी बारावीच्या शिक्षकांना संहत आम्ल लागलं, म्हणून त्यांनी तीच बाटली रिकामी करून पुन्हा भरली. चिठ्ठी तीच. दुसऱ्या दिवशी आठवीच्या तासाला काय होईल ते सांगायला नको.

संगणकावर हाच प्रकार आमच्या डोळ्यांदेखत घडला. विज्ञान प्रदर्शनासाठी दोघी विद्यार्थिनींनी पावसाच्या नोंदींचा आलेख काढणारा पायथन प्रोग्रॅम लिहिला होता. आधार एका जुन्या पुस्तकाचा, आणि आकडेमोडीसाठी नमपाय हे पॅकेज. त्याच संगणकावर दुसऱ्या एका मुलाने आपल्या कामासाठी नमपायची नवी आवृत्ती बसवली. त्याचं काम झालं. मुलींचा प्रोग्रॅम मात्र प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी बंद पडला. त्यात 'एनपी.फ्लोट' असं एक नाव वापरलेलं होतं. ते वापरू नका, अशी सूचना नमपाय २०२१ च्या १.२० आवृत्तीपासून देत होतं आणि डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या १.२४ मधून ते नाव काढूनच टाकलं गेलं. मुलींनी तर एक अक्षरही बदललं नव्हतं! आम्हीही आधी त्यांच्याच प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसलो, हे कबूल केलं पाहिजे.

असं का झालं? प्रोग्रॅममध्ये 'इम्पोर्ट नमपाय' असं लिहिलं, की पायथन काही ठरावीक फोल्डर ठरावीक क्रमाने धुंडाळतो. त्या नावाची वस्तू जिथे पहिल्यांदा सापडेल, तिथे शोध संपतो. (या यादीत पहिला क्रमांक प्रोग्रॅमच्या स्वतःच्या फोल्डरचा. म्हणून एखादा विद्यार्थी आपल्या फाइलला 'रँडम' नाव देतो आणि मग पायथनचं खरं रँडम त्याला मिळत नाही.) बाहेरून आणलेली पॅकेजेस 'साइट-पॅकेजेस' नावाच्या फोल्डरमध्ये राहतात. तेच आपलं कपाट. एका नावाची एकच आवृत्ती तिथे नांदते. नवी आली की जुनी जाते.

उपाय अगदी घरगुती आहे: ज्याला त्याला वेगळं कपाट द्यायचं. 'व्हेन्व' ही त्यासाठीची सोय पायथनमध्येच २०१२ च्या ३.३ आवृत्तीपासून आहे. 'पायथन -एम व्हेन्व पाऊस' अशी आज्ञा दिली (टंकायची अर्थातच रोमन अक्षरांत), की 'पाऊस' नावाचा फोल्डर तयार होतो. आम्ही तो उघडून पाहिला. आपणही विद्यार्थ्यांसमोर जरूर उघडा, कारण आत जादू काहीच नाही. एक पायथन आहे. लिनक्सवर तो बहुधा मूळ पायथनकडे बोट दाखवणारा नुसता दुवा असतो. एक जवळजवळ रिकामं साइट-पॅकेजेस आहे. आणि चार-पाच ओळींची एक साधी मजकुराची फाइल आहे. सगळी करामत या फाइलची. सुरू होताना पायथनला ती आपल्या शेजारी किंवा एक पायरी वर दिसली, की तो गणित, तारीख वगैरे स्वतःची साधनं मूळ घरातूनच घेतो. बाहेरची पॅकेजेस मात्र या नव्या कपाटातून.

हे वातावरण 'चालू' करायचं म्हणजे काय, याबद्दल बराच गैरसमज दिसतो. चालू केल्यावर एवढंच होतं, की त्या खिडकीपुरता 'पाऊस'मधला पायथन शोधाच्या रांगेत सर्वांत पुढे येतो. दुसरी खिडकी उघडली की तिला याचा पत्ता नसतो. मुलं तिथे पॅकेज बसवतात आणि मग ते सापडत नाही म्हणून तक्रार करतात. म्हणून नुसतं 'पिप इन्स्टॉल' म्हणण्यापेक्षा 'पायथन -एम पिप इन्स्टॉल' म्हणण्याची सवय लावावी. म्हणजे जो पायथन प्रोग्रॅम चालवणार, त्याच्याच कपाटात पॅकेज जातं. शंका आलीच तर पिपला त्याची आवृत्ती विचारावी. उत्तरात तो स्वतःचा पत्ताही सांगतो.

२०२३ साली आलेल्या डेबियन १२ पासून तर सामाईक कपाटाला पिपने हात लावायचा म्हटलं, की सरळ नकार मिळतो. शिक्षक वैतागतात, पण नकार योग्यच आहे. संगणकाची स्वतःची काही साधनंही पायथनमध्ये लिहिलेली असतात आणि ती त्याच कपाटावर अवलंबून असतात. नकार डावलण्याची आज्ञाही आहे. तिच्या नावाचाच अर्थ 'प्रणालीची पॅकेजेस मोडा' असा आहे!

मात्र हे कपाट म्हणजे तिजोरी नव्हे. त्यातलं पॅकेज आपल्या सगळ्या फाइली वाचू शकतं, पुसूही शकतं. तेव्हा नावाचं स्पेलिंग नीट पाहूनच पॅकेज आणावं.

आणखी एक. हा फोल्डर पेनड्राइव्हवर घालून दुसऱ्या संगणकावर नेऊ नये. आत मूळ जागेचे पूर्ण पत्ते लिहिलेले असतात आणि जागा बदलली की ते चुकतात. न्यायची ती यादी. 'पिप फ्रीझ' म्हटलं, की बसवलेल्या प्रत्येक पॅकेजचं नाव आणि नेमकी आवृत्ती मिळते. आमच्या मुलींनी त्या रात्री नवं कपाट केलं, त्यात नमपायची १.२३ आवृत्ती बसवली आणि आलेख पुन्हा उमटला. शेजारच्या मुलाची नवी आवृत्ती जागच्या जागी राहिली. मग दोघींनी यादी एका फाइलमध्ये साठवली आणि तिची छापील प्रत तक्त्याच्या मागे डकवून टाकली.