बोलकें यंत्र आणि मराठी उच्चार

घरांतील वडील मंडळींपैकीं कोणाची दृष्टि अधू झाली, कीं वर्तमानपत्र वाचून दाखविण्याचें काम नातवंडांकडे येतें. आणि परीक्षा जवळ आल्या, कीं तें मागें पडतें. अशा घरांत वाचून दाखविणारें यंत्र हें चैनीचें खेळणें राहत नाहीं. गंमत अशी, कीं आज अंधांच्या कामीं येणारी एक यंत्रवाणी अशाच हौसेच्या खेळण्यांतून वाढली आहे.

१९८२ सालीं अमेरिकेंत मार्क बार्टन यांची ‘सॅम’ नांवाची आज्ञावली विक्रीस आली. ॲपल, अटारी व कमोडोर हे त्या काळचे घरगुती संगणक. त्यांतील कमोडोरची सारी स्मृति अवघी ६४ किलोबाइट! एवढ्याशा जागेंत मुद्रित केलेला आवाज कितीसा मावणार? म्हणून सॅमनें कोणाचाहि आवाज सांठविला नाहीं; स्वर उच्चारतांना मुखाच्या पोकळींत जे नाद घुमतात, त्यांचें गणित मांडून तो आवाज घडवीत असे. आवाज पत्र्याच्या डब्यांतून यावा तसा. अटारीवर तर यंत्र बोलूं लागलें कीं पडदा कोरा होई. चित्र चालूं ठेवावें, तर बोलणें बिघडे. (मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील राव व ठोसर यांनीं वाणी घडविण्याच्या प्रयोगांवर १९७४ मध्येंच निबंध प्रसिद्ध केला होता, हें आपल्यापैकीं थोड्यांसच ठाऊक असेल.)

याच रीतीनें १९९५ पासून जोनाथन डडिंग्टन यांनीं एकॉर्न या घरगुती संगणकासाठीं एक आज्ञावली लिहिली. तीच पुढें ‘ईस्पीक’ झाली, आणि तिला मराठीहि शिकविण्यांत आली. अंधांसाठीं विनामूल्य मिळणाऱ्या ‘एन. व्ही. डी. ए.’ या पडदा-वाचकासोबत ती येते.

इंग्रजींत ओ-यू-जी-एच हीं चार अक्षरें ‘दो’, ‘थ्रू’ आणि ‘कफ’ अशीं तीन तऱ्हांनीं वाचावीं लागतात. आपली नागरी मात्र लिहावी तशी वाचावी, असा आपला अभिमान. यंत्रापुढें तो पुरता टिकत नाहीं. ‘कमल’ म्हणतांना आपण ‘म’ पूर्ण उच्चारतों, ‘कमला’ म्हणतांना तोच तोडतों. हें नियमानें शिकवितां येईल. परंतु ‘जरा थांबा’ मधील ‘जरा’ आणि वार्धक्य या अर्थाची ‘जरा’ यांचे ‘ज’ निराळे, लेखन एकच! नियम येथें थांबतो. वाक्याचा अर्थच पाहावा लागतो.

नवी मुंबईंत खारघर येथें ज्या सी-डॅक या सरकारी संस्थेची वास्तु आहे, तिच्या मुंबई केंद्रानें मद्रासच्या आय. आय. टी.च्या पुढाकारानें चाललेल्या बहुभाषी योजनेंत मराठी वाणीचें काम केलें. त्यांची रीत निराळी: खऱ्या मनुष्याचें वाचन मुद्रित करावयाचें आणि त्याच्या आधारें नवीं वाक्यें बोलावयाचीं. हा आवाज अधिक माणसासारखा, हें उघड आहे. पण डोळस मनुष्य जसा मजकुरावरून भरभर नजर फिरवितो, तसे सरावलेले अंध वाचक वेग वाढवून ऐकतात; आणि त्या वेगांत पत्र्याच्या डब्याचे शब्द स्पष्ट राहतात. कादंबरी गोड आवाजांत ऐकावी. बँकेचें पत्र, औषधाची चिठ्ठी, परीक्षेचीं टिपणें यांस मला तो डबाच पुरेसा वाटतो. घरांतील वृद्धांस मात्र प्रथम ऐकवितांना वेग अगदीं कमी ठेवावा.