ज्यूस हीटरचे वेल्डिंग आणि त्यानंतरची उष्णताप्रक्रिया

लातूर जिल्ह्यातील मांजरा किंवा नांदेड जिल्ह्यातील भाऊराव चव्हाण यांसारख्या साखर कारखान्यांना लागणारा ज्यूस हीटर हे कवच-नळी पद्धतीचे उष्मा-विनिमयक यंत्र असून, त्याच्या नळ्यांतून उसाचा रस वाहतो आणि नळ्यांभोवतीच्या पोलादी कवचात वाफ खेळते.

कवच वेल्डिंगने जोडताना वितळलेला धातू थंड होऊन आकसू पाहतो, पण शेजारचा थंड पत्रा त्याला आकसू देत नाही. त्यामुळे जोडालगत जो ताण कायमचा अडकून राहतो, त्याला अवशिष्ट ताण म्हणतात. तो सैल करण्यासाठी साधे कार्बन पोलाद सुमारे 600 अंश सेल्सिअसपर्यंत सावकाश तापवून, दर 25 मिलिमीटर जाडीला साधारण एक तास त्याच तापमानावर ठेवून, हळूहळू थंड करतात.

मात्र नळ्या ज्या जाड छिद्रित चकतीत, म्हणजे ट्यूबशीटमध्ये, फुगवून घट्ट बसवलेल्या असतात, तेथील पकड या उष्णतेने ढिली पडते आणि पितळी नळ्या तर नरमच होतात. म्हणून कवचावर ही प्रक्रिया आधी करून, गॅस्केटचे पृष्ठभाग नंतर तासून, नळ्या शेवटी बसवणे हाच योग्य क्रम होय.

कमी दाबाच्या पातळ कवचाला केवळ जाडीमुळे ही प्रक्रिया सहसा बंधनकारक नसते. तथापि नळ्यांतील खपली काढण्यासाठी कॉस्टिक सोडा उकळतात, आणि तापलेला कॉस्टिक व अवशिष्ट ताण एकत्र आले की पोलादाला सूक्ष्म तडे जाऊ शकतात. त्यामुळे गाळप हंगामापूर्वी कॉस्टिकच्या संपर्कातील भागावर नवे वेल्डिंग झाले असल्यास, त्याला ताणमुक्तीची गरज आहे का, हे कारखान्यांनी जाणकार अभियंत्याकडून अवश्य तपासून घ्यावे.