‘बदली’ : गिरणीतील एका शब्दाचा अर्थविचार

सरकारी कचेरीत ‘बदली’ म्हणजे स्थानांतर. मुंबईच्या कापडगिरणीत मात्र ‘बदली’ हे माणसाचेच नाव झाले. कायम कामगार गैरहजर राहिला तरच ज्याला त्या दिवशी काम मिळे, तो बदली. क्रियेचे नाम व्यक्तीस लागावे, ही लक्षणेची परिचित तऱ्हा होय. परंतु येथे तिच्यामागे व्यवस्थापनाची सोय उभी होती. भरती जॉबरच्या हाती असल्याने कामासाठी त्याला दस्तुरी द्यावी लागे. त्याची ही सत्ता आवरण्यासाठी १९३५ मध्ये गिरणीमालक संघाने बदली कामगारांना कार्डे देण्याची पद्धत सुरू केली. कार्ड मिळाले, कायमपण मिळाले नाही. रोज दारात उभे राहावे आणि सोबत्याच्या आजारपणात आपली रोजी शोधावी, अशी ही उमेदवारी (शब्द सौम्यच आहे) पुष्कळांच्या बाबतीत वर्षानुवर्षे चाले. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, तेव्हा वेतनवाढीबरोबरच बदली कामगारांना ‘कायम’ करण्याची मागणीही होती. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने वाटाघाटीचा अधिकार एकाच मान्यताप्राप्त संघटनेकडे ठेवल्यामुळे ही तक्रार मांडण्याची वाटही अरुंद होती. तो कायदा रद्द करावा, हेही त्याच मागण्यांत होते.