विश्लेषण : फोटो क्रॉप केला, पण कापलेला भाग खरंच गेला का?

भाड्याचे घर पाहताना मालक पगार जमा झाल्याचा पुरावा मागतो. बँकेच्या ॲपचा स्क्रीनशॉट काढायचा, खालची शिल्लक दिसू नये म्हणून क्रॉप करायचे आणि पाठवून द्यायचे. हे काम दहा सेकंदांचे. पण ‘दिसत नाही’ आणि ‘फाइलमध्ये नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि गफलत नेमकी तिथेच होते.

क्रॉप म्हणजे नेमके काय?

डिजिटल फोटो म्हणजे रंगीत ठिपक्यांची, म्हणजे पिक्सेलची जाळी. १२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४००० बाय ३००० पिक्सेलचा असतो. क्रॉप करताना या जाळीचा एक चौकोन ठेवून बाकीचा बाजूला काढला जातो. रुंदी आणि उंची दोन्ही निम्मी केली, तर उरतात २००० बाय १५०० पिक्सेल, म्हणजे अवघे तीन मेगापिक्सेल. ‘रिसाइज’ वेगळे. त्यात चित्र पूर्णच राहते, फक्त पिक्सेलची संख्या बदलते.

लग्नाच्या ग्रुप फोटोतून स्वतःचा चेहरा कापून अर्जाला लावणाऱ्यांची फजिती होते ती यामुळेच. साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरचा पासपोर्ट फोटो ३०० डीपीआयने छापायचा, तर सुमारे ४१३ बाय ५३१ पिक्सेल लागतात. ग्रुप फोटोत एकाच्या वाट्याला दीडशे-दोनशे पिक्सेल आले, तर फोटो धुरकट छापला जाणार. ताणून मोठा केल्याने नसलेला तपशील येत नाही.

कापलेला भाग परत कसा येतो?

याचे गाजलेले उदाहरण मार्च २०२३ मधले. सायमन ॲरन्स आणि डेव्हिड ब्युकॅनन या दोन संशोधकांनी गुगलच्या पिक्सेल फोनमधील ‘मार्कअप’ या साधनातील त्रुटी उघड केली. तिला नाव पडले ‘ए-क्रॉपलिप्स’. क्रॉप केलेला स्क्रीनशॉट जुन्या फाइलवरच लिहिला जाई. नवी फाइल लहान, जुनी मोठी. मात्र नवी संपते तिथे फाइल कापली जात नसे, त्यामुळे जुन्या चित्राचे शेपूट तसेच मागे राही. मोठ्या मजकुराच्या वहीत पहिली चार पाने खोडून नवे लिहावे आणि पुढची पाने फाडायचीच राहावीत, तसा हा प्रकार. फोनवर चित्र नीट क्रॉप झालेलेच दिसे, कारण चित्र दाखवणारा प्रोग्रॅम नवी फाइल संपली की थांबतो. शेपटातून मूळ चित्राचा, विशेषतः खालचा, बराच भाग परत मिळवता येई. संशोधकांच्या नमुन्यात क्रॉप करून वर काळी रेघ मारलेला बँक कार्डाचा क्रमांकही पुन्हा वाचता आला.

काही दिवसांतच विंडोज ११ मधील ‘स्निपिंग टूल’ आणि विंडोज १० मधील ‘स्निप अँड स्केच’मध्येही अशीच चूक सापडली. दोन्ही कंपन्यांनी त्याच महिन्यात दुरुस्ती दिली.

मग आता प्रश्न मिटला का?

ती चूक मिटली. पण अनेक ठिकाणी मूळ चित्र राखून ठेवणे ही चूक नसून सोय आहे. आयफोनच्या फोटो ॲपमध्ये क्रॉप केलेला फोटो ‘रिव्हर्ट’ दाबून पूर्ववत करता येतो, म्हणजे मूळ फोटो कुठेतरी असतोच. एअरड्रॉपने पाठवताना ‘ऑल फोटोज डेटा’ हा पर्याय सुरू असेल, तर एडिटिंगचा इतिहासही सोबत जातो. वर्डमध्ये चित्र क्रॉप केले तरी कापलेला भाग फाइलमध्येच असतो. तो काढायला ‘कॉम्प्रेस पिक्चर्स’मध्ये ‘डिलीट क्रॉप्ड एरियाज’ निवडावे लागते. बायोडेटा किंवा अहवाल वर्डमध्ये पाठवणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असते?

सामान्य वापरकर्त्याने काय करावे?

साधा उपाय म्हणजे क्रॉप झालेले चित्र पडद्यावर उघडून त्याचाच नवा स्क्रीनशॉट काढावा आणि तो पाठवावा. नव्या चित्रात पडद्यावर दिसणारे पिक्सेलच येतात. मात्र त्यालाही पुन्हा क्रॉप करत बसू नये. संगणकावर ‘पेंट’ पुरेसे आहे: हवा तो भाग निवडावा, क्रॉप करावा आणि ‘सेव्ह ॲज’ने वेगळ्या नावाने साठवावा. मूळ फाइलही शाबूत राहते.

व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेले चित्र नव्याने दाबून लहान केले जाते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवले, तर फाइल जशीच्या तशी जाते. फोटो फाटू नये म्हणून हल्ली सर्रास डॉक्युमेंट पाठवतात, तेव्हा फाइलमध्ये जे काही असेल ते सगळे सोबत जाते. आधारच्या बाबतीत कापाकापी करूच नये. यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून ‘मास्क्ड आधार’ उतरवून घेता येते, त्यात १२ पैकी शेवटचे चारच अंक दिसतात.

आणि २०२३ च्या दुरुस्तीआधी क्रॉप करून पाठवलेल्या फाइलींचे काय? फोन अपडेट केल्याने त्या सुधारत नाहीत. मूळ स्वरूपात पाठवल्या असतील, तर ज्याच्या इनबॉक्समध्ये पडून आहेत, तिथे त्या शेपटासकट तशाच आहेत.