चरबीची गाठ: दोष तुपाचा नाही

दंडावर किंवा पाठीवर मऊ, बोटाखाली सरकणारी, न दुखणारी गाठ लागली की घरच्या घरी निदानं होतात: तूप-तेल जास्त झालं, नाहीतर कॅन्सरची सुरुवात. ‘जीन्समधलं आहे, म्हणजे मुलांनाही होणार’ हे तिसरं, जरा शिकलेलं निदान. पहिलं लगेच निकालात निघतं. अशी गाठ म्हणजे लायपोमा; तो सडपातळ माणसांनाही होतो आणि वजन उतरवलं तरी तो उतरत नाही.

बाकीच्या दोन्हींचं उत्तर १२व्या गुणसूत्रावर आहे. तिथलं ‘एचएमजीए२’ हे जनुक गर्भात वाढीला जोर देतं आणि नंतर जवळपास गप्प होतं. कितीतरी लायपोमांमध्ये ते मधोमध तुटून दुसऱ्या गुणसूत्राच्या तुकड्याला, बहुधा तिसऱ्यावरच्या ‘एलपीपी’ला, जोडलेलं असतं, हे १९९५ मध्ये उघड झालं. तुटताना जनुकाचं शेपूट जातं, आणि ‘लेट-७’ नावाचे सूक्ष्म आरएनए जनुकाला आवरतात ते नेमके याच शेपटाला चिकटून. म्हणजे ब्रेकच गेला. पुरावा उंदरांतून मिळतो: हे जनुक काढलेले उंदीर खुजे आणि कमी चरबीचे निपजतात, तर त्याचा तुटका तुकडा घातलेले धिप्पाड होतात आणि त्यांच्यात चरबी माजते. माणसातही, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका नोंदीत, सर्व पेशींत हे जनुक तुटलेल्या आठ वर्षांच्या मुलाची अफाट वाढ झाली होती आणि अंगावर अनेक लायपोमा होते. एरवी मात्र हा बिघाड शरीरातल्या एखाद्याच पेशीत, जन्मानंतर होतो. बीजपेशींना त्याची वार्ताही नसते, मग मुलांकडे तो जाणार कसा? काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या गाठी दिसतात हे खरं, पण ते प्रमाण थोडं.

यावर कुणी विचारेल, गुणसूत्रं तुटणं ही तर कॅन्सरचीच खूण ना? खूण आहे, पण एवढ्याने भागत नाही. लायपोमाच्या पेशी वाढतात, तरी आजूबाजूच्या ऊतींत घुसत नाहीत आणि दूर पसरत नाहीत. त्याच्याशी दिसायला मिळताजुळता, लायपोसार्कोमा या चरबीच्या कॅन्सरचा प्रकार वेगळा: त्यात १२व्या गुणसूत्राच्या त्याच पट्ट्यातल्या ‘एमडीएम२’ आणि ‘सीडीके४’ या जनुकांच्या ढीगभर प्रती तयार झालेल्या असतात, आणि एमडीएम२ हे पेशीचा पहारेकरी असलेल्या ‘पी५३’लाच मोडीत काढतं. लायपोमा हा त्याचा आधीचा टप्पा मानला जात नाही. म्हणूनच गाठ स्नायूंच्या आत खोल असेल, ५ सेंटिमीटरहून मोठी असेल किंवा भराभर वाढत असेल, तर डॉक्टर एमआरआय काढायला सांगतात, आणि तरीही शंका राहिली तर तुकडा घेऊन त्यात एमडीएम२च्या प्रती वाढल्यात का ते तपासतात.