गाऱ्हाण्याची भाषा

राज्यघटना म्हटली की संसद आणि सर्वोच्च न्यायालय डोळ्यांपुढे उभी राहतात. सामान्य माणसाचा तिच्याशी संबंध मतदानाच्या दिवसापुरताच, असा समज त्यामुळे रूढ झाला आहे. तो कितपत खरा आहे, हे एका लहानशा कलमाच्या आधारे पाहावयाचे आम्ही योजिले आहे.

इंदूर, ग्वाल्हेर व बडोदे येथील आपल्या वाडवडिलांनी होळकर, शिंदे व गायकवाड यांच्या दरबारी अर्ज केले. दरबार कितीही प्रजाहितदक्ष असला, तरी अर्जाची दाद लागणे ही कृपाच होती. १९४८ मध्ये इंदूर व ग्वाल्हेर मध्यभारतात आणि १९४९ मध्ये बडोदे मुंबई राज्यात विलीन झाले. २६ जानेवारी १९५० रोजी घटना अमलात आली आणि प्रजेचे नागरिक झाले. घटनेच्या उद्देशिकेत दान देणारा कोणी राजा नाही; तेथे लोकच ‘आम्ही’ म्हणून बोलतात व ती घटना स्वतःप्रत अर्पण करतात.

सत्तेचा उगम जर लोकांत आहे, तर त्या लोकांना सत्तेशी बोलता आले पाहिजे. कलम ३५० हेच सांगते. गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी संघराज्याच्या वा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, तेथे वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क प्रत्येक व्यक्तीस आहे. येथे ‘राजभाषा’ हा शब्द नाही, ‘वापरात असलेली भाषा’ असे म्हटले आहे. हा भेद सीमाभागातील मराठी शेतकऱ्यास फार मोलाचा आहे. जमिनीच्या उताऱ्यातील चूक त्याला ज्या भाषेत कळते, त्याच भाषेत ती सांगण्याचा मार्ग त्यामुळे खुला राहतो.

१९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा सातव्या घटनादुरुस्तीने आणखी दोन कलमे आली. ३५०-क ने अल्पसंख्य भाषिकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, यासाठी झटण्याचे कर्तव्य राज्यांवर टाकले. ३५०-ख ने भाषिक अल्पसंख्याकांसाठी एक विशेष अधिकारी नेमला. त्याचे अहवाल राष्ट्रपतींकडे जातात आणि संसदेपुढे ठेवले जातात.

या तरतुदींच्या मर्यादाही ओळखल्या पाहिजेत. उत्तर कोणत्या भाषेत द्यावे, हे कलम ३५० सांगत नाही. विशेष अधिकारी चौकशी करतो, अहवाल देतो. त्याला आज्ञा करण्याचा अधिकार मात्र दिलेला नाही. म्हणून या हक्काचे बळ तो वापरणाऱ्यांवरच अवलंबून आहे. घटना कितीही चांगली असली तरी तिचे बरेवाईट ती राबविणाऱ्यांच्या हाती असते, असा इशारा डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटनासमितीत दिला होता. राबविणाऱ्यांत अधिकारी येतात, तसे आपणही येतो.

आपल्यापैकी कित्येक जण स्वतःला न वाचता येणारा अर्ज दुसऱ्याकडून लिहवून घेतात व त्याखाली सही करतात. राज्याची भाषा शिकणे हे आपले कर्तव्यच आहे. पण ती येईपर्यंत गाऱ्हाणे मुके राहावे, असे घटनेने म्हटलेले नाही. आमच्या साहित्यसंस्था कविसंमेलने भरवितात, ते योग्यच आहे. त्यांनी वर्षातून काही दिवस नेमके, सभ्य व सुबोध मराठी निवेदन कसे लिहावे हेही शिकवावे. तीही भाषेची सेवाच होईल.