गड वर आला, की दरी खाली गेली?

पावसाळा संपला, की पुणे परिसरातील अनेक शाळांच्या सहली सिंहगडावर जातात. आतकरवाडीहून पायवाटेने निघाले, की दीड-दोन तासांत मुले गडावर पोहोचतात. तानाजी मालुसऱ्यांची समाधी पाहून होते, पिठले-भाकरी होते आणि मंडळी उतरू लागतात. याच वाटेवर भूगोलाचा एक चांगला तास घेता येईल. त्याची सुरुवात पायथ्याशीच एका प्रश्नाने करावी : हा डोंगर इथे कसा तयार झाला?

‘जमिनीतून वर आला,’ असे बहुतेक मुले सांगतील. हिमालयाचा धडा त्यांच्या डोक्यात असतो. उत्तर लगेच चूक ठरवू नये. चढताना पुरावे गोळा करू द्यावेत.

पहिला पुरावा पायांनाच कळतो. चढ सगळीकडे सारखा नाही. कुठे एकदम खडी चढण लागते, तर कुठे थोडी सपाटी. डोंगराकडे बाजूने पाहिले, तर पायऱ्या रचल्यासारख्या दिसतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी येथे जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा बाहेर आला व दूरवर पसरून थिजला. असे पुन्हा पुन्हा झाले आणि बेसाल्ट खडकाचे थरावर थर साचले. थराचा घट्ट भाग सहजी झिजत नाही; त्याचा उभा कडा होतो. सच्छिद्र, भुसभुशीत भाग लवकर झिजतो. तिथे उतार किंवा सपाटी तयार होते. वाटेवरच्या दगडांत बारीक भोके दिसली, तर ती लाव्हातील वायूंच्या बुडबुड्यांची आहेत, हे मुलांना दाखवावे.

दुसरा पुरावा माथ्यावर मिळतो. कल्याण दरवाजाच्या बाजूने राजगड आणि तोरणा दिसतात. कड्यापासून सुरक्षित अंतरावर मुलांना बसवावे. गवंडी पातळी पाहण्यासाठी वापरतात तशी पारदर्शक नळी पाण्याने भरून घ्यावी. दोन मुलांनी तिची टोके दोन मीटर अंतरावर उभी धरावीत आणि तिसऱ्याने दोन्ही टोकांतील पाण्याच्या पातळीवरून तोरण्याकडे नजर लावावी. तोरण्याचा माथा या रेषेच्या किंचितच वर दिसतो. सिंहगडाची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे १३०० मीटर, तर तोरण्याची सुमारे १४०० मीटर. मधले सरळ अंतर १७ किलोमीटरच्या आसपास. इतक्या अंतरावर हा फरक अगदीच किरकोळ. शिवाय समोरच्या डोंगरांवरचे खडकांचे पट्टेही जवळजवळ आडवेच दिसतात.

आता मुलांना विचारावे : हे गड स्वतंत्रपणे वर ढकलले गेले असते, तर त्यांचे माथे इतके सारख्या उंचीवर आणि थर असे आडवे राहिले असते का? मधली दरी मनातल्या मनात खडकाने भरून पाहा. एक सलग पठार डोळ्यांसमोर येते. हा सारा प्रदेश नंतर काही प्रमाणात उचलला गेला, हे खरे. पण एकेका गडाला वेगळेपण दिले ते पाण्याने. उत्तरेकडे मुठेने आणि दक्षिणेकडे गुंजवणी-कानंदीने पठार कोरून काढले. जे उरले, त्याला आपण डोंगर म्हणतो.

एवढे काम पाण्याला जमेल का? हिशेब फळ्यावर करता येईल. पायथ्यापासून माथा सुमारे ६०० मीटर उंच आहे. ६०० मीटरला साडेसहा कोटींनी भागले, तर वर्षाला सरासरी ०.००९ मिलीमीटर येतात. म्हणजे शंभर वर्षांत जेमतेम एक मिलीमीटर. माथ्यावरचेही काही थर झिजून गेले असणार, म्हणून हा आकडा कमीत कमी धरावा. तरीही एका माणसाच्या आयुष्यात हा बदल नजरेला येणार नाही.

पण त्याची खूण मात्र दिसते. पावसाळ्यात ओढ्याचे गढूळ पाणी काचेच्या ग्लासात रात्रभर ठेवा. सकाळी तळाशी गाळ साचलेला असेल. तो कालपर्यंत कुठल्यातरी डोंगराचा भाग होता. ग्लास वर्गात ठेवून पायथ्याशी विचारलेला प्रश्न पुन्हा विचारावा. या वेळी मुलांच्या उत्तरामागे त्यांनी स्वतः पाहिलेले पुरावे असतील.